पाठवणीची गाडी

२ मे
भाविकाच्या पाठवणीला धवलची गाडी. बातमी आमच्या सुशीलाने आणली, भाविकाच्या आईने, म्हणजे वहिनींनी, दुजोरा दिला. आमच्या घरच्या तीन मुली माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीतून सासरी गेल्या. आता सख्खी पुतणी माझ्या या चुलतभावाच्या इलेक्ट्रिक गाडीतून जाणार. मला राग आलेला नाही. धवलने नवी गाडी घेतली तेव्हाही नव्हता आला. त्याचा पेढा घेतला होता. खाल्ला नाही, एवढंच.

३ मे
भाविकाला गाठलं. म्हणाली, "काका, सिग्नलला बंद पडली नाही, तर तुमच्याच गाडीतून जाईन." पोरगी समंजस आहे.
पांढरी पळताना उत्तम. उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते. म्हणजे दोष थांबण्यात आहे, इंजिनात नाही. पुढच्या रविवारी ट्रायल.

४ मे, सकाळ
प्लग काढून घासले. थरथर कायम.

संध्याकाळ
एअर फिल्टर नवा टाकला. थरथर कायम. धवलची गाडी अजिबात आवाज न करता वाडीत आली. चोर असेच येतात.

६ मे
कार्बोरेटर साफ केला. एक स्क्रू उरला. जादाचा असणार.
धवल कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, फुस्स असा आवाज येतोय. इंजिन कुठूनतरी हवा खेचतंय. पाइप बघितलास?"
ज्याच्या गाडीला इंजिनच नाही, त्याने इंजिनावर बोलू नये. पाइप बघायची गरज नाही. गेल्या पावसाळ्यात सैल झाला तेव्हा मी स्वतः केळीच्या सोपटाने, खोडाच्या सालीच्या पट्टीने, आवळलाय. आमच्या नंदाखालात पानवेलीपासून हारापर्यंत सगळं सोपटानेच बांधतात.

८ मे
आयडलिंगचा स्क्रू पिळला. आता बंद पडत नाही. आवाज जरा वाढलाय. शेजारच्या कृष्णाबाईंनी विचारलं, भाताची गिरणी कधी घातली? लोक जळतात.

१० मे, रविवार
भाविकाला घेऊन माणिकपूरला. रिक्षा स्टँडसमोर पांढरी बंद. रिक्षावाल्यांनी ढकलली. भाविकानेही. मेहंदी अजून काढायची होती, हे नशीब. भाविका घरी उतरली आणि सरळ धवलच्या घरात गेली.

१२ मे
धवलने न विचारता बॉनेट उघडलं. वाळून सुटलेलं सोपट दोन बोटांत धरून मला दाखवलं. पाइपला लोखंडी क्लिप लावली आणि आयडलिंगचा स्क्रू पुन्हा सैल केला. पांढरी आता मांजरासारखी घुरघुरते. प्लग आणि फिल्टरचा गुण यायला वेळ लागतो, हे त्याला कळणार नाही.
भाविकाला बोलावून ऐकवलं. ती मनापासून खूश झाली. म्हणाली, "बरं झालं काका. रुखवताला गाडीच मिळत नव्हती."

१३ मे
उद्या लग्न. धवलच्या गाडीला हार मी बांधायचे. वहिनी म्हणाल्या, सोपटाची गाठ मारावी तर भावजींनीच. हे मात्र खरं आहे. सोपट भिजत घातलंय.
धवल म्हणत होता, ऊन लागलं की सोपट सुटतं.
पाठवणी भर दुपारी. मी रुखवत घेऊन बरोबर त्याच्या मागे असेन.