भाकरी मोडण्याआधी

आबा, मागच्या रविवारी चर्चची उपासना चुकवून डाळजला जाऊन आले. कारखान्यात तुमच्या हाताखाली काम केलेले तात्या मोठ्या आजारातून उठले होते, म्हणून त्यांना बघायला मुलाला घेऊन गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथं जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मी दहावीला होते, दुपारी तुमचा डबा घेऊन कारखान्यात यायची. गाळपाचा हंगाम, मळीचा उग्र वास, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा काजळी. वर्कशॉपच्या मागं लिंबाखाली तुम्ही पाचसहा जण गोल करून बसता. डबे उघडतात, कुणीतरी बुक्कीनं कांदा फोडतं. तुम्ही डोळे मिटून हात जोडता आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू करता, ती काही लवकर संपत नाही. पाऊसपाणी, बॉयलर, साहेबांच्या बायकोचं दुखणं, सगळं देवाच्या कानावर घालून होईपर्यंत तुम्ही कुठले थांबताय! एक नवा कामगार फिदीफिदी हसतो. "पाद्रीबाबा, भाकर गार झाली की!" तात्या त्याला दटावतात, "गप रं. आबांचं हुंदे." हसतात सगळेच, पण अन्नाला हात कुणी लावत नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या दिवशी डबा परत घेताना मी म्हणाले, "मनातल्या मनात करा की. सगळ्यांसमोर डोळे कशाला मिटायचे? लोक बघतात." तुम्ही पाना पुसत होता. "लोकं बघत्यात ते आपल्याला दिसू नये म्हणूनच मिटायचं, पोरी," म्हणालात. मग आवाज चढला. "लाज वाटत असंल तर उद्यापासनं डबा आणू नगंस." दुसऱ्या दिवशी मी डबा आणला, पण झाडापासून लांबच उभी राहिले.

तुम्हाला निदान हसणारं कुणी होतं. मला कुणी हसतसुद्धा नाही, आबा. बारामतीच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी आधी चष्मा पुसण्याचं निमित्त करून प्रार्थना करायची, मग नुसतं कपाळ चोळायची. एके दिवशी डबा संपल्यावर लक्षात आलं की आज काहीच केलं नाही. कुणी अडवलं नव्हतं, कुणाला पत्ताही नव्हता. आपल्या चर्चमध्ये बाकं मोकळी असतात. गाणारी पोरं पुण्याला गेली, उरलेल्यांच्या क्लासच्या परीक्षा रविवारीच असतात. तुमचा नातू म्हणतो, "माझा विरोध नाही गं आई. मला गरज वाटत नाही, एवढंच." भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला काहीतरी उत्तर देता येतं. मी मात्र जाते, तुमच्याच बाकावर बसते, पुस्तक न उघडता गाणी म्हणते. तोंडाला सगळं पाठ आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

डाळजला तात्यांच्या सुनेनं उजनीच्या चिलापी माशांचं कालवण केलं होतं. ताटं वाढली, नातवंडांनी घासही उचलले, तेवढ्यात तात्या ओरडले, "थांबा रं पोरांनो! आबांच्या लेकीचं व्हायचं हाय अजून." सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. सून पदर सावरून उभी राहिली. माझ्या मुलानं मोबाइल पालथा ठेवला. कारखाना सुटून तात्यांना किती वर्षं झाली असतील, पण हा माणूस भाकरीला हात न लावता, मान खाली घालून माझी वाट बघत होता. मी डोळे मिटले. थोड्या वेळानं आमेन म्हणाले. तात्यांनी भाकरी मोडली. "आबांचं लई लांबायचं. तुझं बेस हाय, आटोपशीर," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

परतताना भिगवणला चहाला थांबलो. ग्लासात बघत मुलगा म्हणाला, "आई, मघाशी काय मागितलंस?"

"तुझ्यासाठी मागितलं," मी म्हणाले. त्यानं ग्लास खाली ठेवला, चहा तसाच निवला.

हे पत्र तुमच्या बायबलात ठेवीन. ते आता माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, आणि मीही असले कागद ठेवायलाच उघडते. म्हणून इथं कबूल करते, आबा. सगळं घर हात आवरून बसलं होतं आणि मला एक शब्द सुचला नाही. मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि आमेन म्हणाले.