पफ पॅनलचा ट्रेलर आणि दोन लिटरचं इंजिन

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटचा स्क्रू आज बसला. माझ्या हातचं काय काय ते लिहून ठेवतो. नाहीतर उद्या विल्सन म्हणेल, अर्धं बाजारातलं आहे.
चासी, दोन इंची चौकोनी पाइप, वेल्डिंग सगळं माझं. ड्रॉबार, म्हणजे पुढचा ओढदांडा. भिंती आणि छप्पर, कोल्डरूमचे जुने पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम) कापून, सांध्यात सिलिकॉन. ओटा. दोन बाकं, उघडली की पलंग. साठ लिटरची पाण्याची टाकी, नळ, निचरा. बारा व्होल्टचं वायरिंग. मागचे दिवे. पिकअपच्या मागचा हिच, ट्रेलर अडकवायचा, प्लेटसकट. विकत घेतलं ते: ॲक्सल, चाकं, टो-बॉल, कपलर. पडदे फिलोचे.
दारही कोल्डरूमचंच, मागच्या बाजूला, तेच मोठं हँडल. बावीस वर्षं इथे बहरीनमध्ये लोकांचे फ्रीजर दुरुस्त करतोय, घरासाठी एवढं तरी करावं.
संध्याकाळी विल्सन आला. फिलोचा धाकटा भाऊ, अदलियाला अकाउंटंट. गोल फिरून पाहिलं, दार उघडून आत डोकं घातलं. "भावोजी, फिरता फ्रीज छान झालाय. आत मासे ठेवायचे की आम्ही बसायचं?" मग पिकअपकडे पाहून, "आणि हा ओढणार? दोन लिटरचा?" स्वतःची आठ सिलिंडरची गाडी देतो म्हणाला. नको म्हटलं.
काम संपलं तर बरं वाटायला हवं होतं. हात मोकळे आहेत, तेच टोचतंय.

२२ नोव्हें., शनि
भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर नेला. रिकामा ५२०. माझा अंदाज ५१०. दहा किलो सिलिकॉन आणि पेंट असणार.
ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणून ७५०च्या वर जायचं नाही. मी ७०० ठरवलंय.
सल्माबादच्या यार्डातून सखीरच्या रस्त्याला अर्ध्यापर्यंत जाऊन परत. फ्लायओव्हरच्या चढावर तिसरा गिअर, ६०. तापमानाचा काटा मध्याच्या केसभर वर, तिथेच थांबला. मागच्या गाड्या दिवे मारत होत्या, मारू देत. उतारावर सरळ. ब्रेक लवकर धरावा लागतो, नुसत्या पिकअपच्या दीडपट अंतर धरून चालायचं.
बू अली, आमच्या यार्डाचा मालक, गेटवर उभा. "अंतोन, कुव्वत मफी!" ताकद नाही, म्हणजे गाडीत. मी म्हटलं, "बू अली, ताकद कम, दिमाग ज्यादा." हसला. म्हणाला नॅशनल डेला, १६ डिसेंबरला, त्याच्या कॅम्पशेजारी जागा देतो, सखीरच्या वाळवंटात, इंशाल्ला.
फिलोला सांगितलं. "मला घेऊन जाशील तेव्हा खरं," म्हणाली. इतकी वर्षं दर थंडीत लोकांचे तंबू रस्त्यावरून बघत आली आहे ती. एकदा वाळूत स्वतःच्या दारात बसून चहा प्यायचा, एवढंच तिचं म्हणणं. त्याआधी डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी जाऊन रात्र काढून येऊ, रंगीत तालीम.

४ डिसेंबर, गुरु
भरणं. प्रत्येकाला वीस किलो, जास्त नाही. फिलो, मुलगी शेरल, मी. विल्सन त्याच्या गाडीने येणार, त्याचं त्याच्याकडे. गावी जाताना बॅगा मोजायचा लटकता काटा काढला, एकेक पिशवी लावून पाहिली. फिलोची २३ भरली. "विमान आहे का रे हे?" म्हणाली. तीन किलो काढायला लावले. तांदूळ, बिडाचा तवा, नारळ, तळायच्या फुग्यांचं पीठ, बाटली मसाला, सुकेळी. तवा राहिला, सुकेळी उतरली, रुसली. (सुकेळी नंतर माझ्या पिशवीत घातली, तरी १९.५ भरली.)
सगळं फिलोनेच लावलं, विमानतळावर निघताना लावते तसं. दाराजवळ जड, म्हणजे उतरल्यावर आधी हाती लागेल. टाकी भरली. काट्यावर ६८५. सातशेच्या आत. खूश.

५ डिसेंबर, शुक्र
लिहायचं नव्हतं.
फ्लायओव्हर चढलो ठीक. तिघं पुढे, शेरल मध्ये. उताराला ८० झाले असतील, डावीकडून वारा. आधी स्टिअरिंगमध्ये बारीक काहीतरी. मग आरशात ट्रेलर डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. पिकअपचं ढुंगण सोबत हलायला लागलं. शेरल ओरडली, "डॅडी, इट्स स्विमिंग!" खरंच माशाच्या शेपटीसारखं. ब्रेक मारला नाही. वाचलेलं आठवलं, पाय सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. बाजूच्या लेनमधला पाण्याचा टँकर हॉर्न देत निघून गेला. ५५ वर आल्यावर थांबलं ते.
कडेला घेतलं. फिलोच्या हातात रोझरी होती, ती तिने पर्समध्ये ठेवली, दार उघडून उतरली, मागे थांबलेल्या विल्सनच्या गाडीत जाऊन बसली. शेरलला बोटाने बोलावलं.
मी एकटा परत यार्डात, ५०ने.

६ डिसेंबर, शनि
विल्सनचा फोन. "भावोजी, इंजिन छोटं पडतं. लाज कसली, मोठी घ्या." इंजिनाचा इथे काय संबंध. उतारावर होतो, ओढत नव्हतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." ह्या तीन शब्दांचा मला राग येतो.
चाकांची हवा बरोबर. नट घट्ट. ॲक्सल दोरी लावून मोजला, दोन्हीकडे मिलिमीटरचा फरक नाही. कपलर ठीक. वेल्डवर भिंग फिरवलं, एक तडा नाही. माझ्या कामात दोष नाही. मग काय?
घरी फिलो नेहमीसारखी. चहा दिला. ट्रेलरचं नाव नाही. ते जास्त वाईट.

७ डिसें., रवि
कामावर लक्ष नाही. एका कॉम्प्रेसरला उलटी वायर लावली, बू अलीने पाहिलं.

८ डिसें., सोम
सापडलं.
दुपारी जेवणाच्या सुट्टीत ट्रेलर सोडवायला ड्रॉबार उचलला, जॅक लावायचा होता. एका हाताने उचलला गेला. भरलेला ट्रेलर, एका हाताने. तिथेच उभा राहिलो.
घरून दोन लटकते काटे आणले. ड्रॉबारला दोन्ही बाजूंनी अडकवले, वर क्रेनचा हुक. ११ आणि ८. एकोणीस किलो. पाहिजेत सत्तरच्या आसपास, एकूण वजनाचा दहावा भाग. नाक हलकं आणि शेपूट जड, मग ते शेपूट हलवणारच. टाकी मी ॲक्सलच्या मागे बसवली, दाराखाली जागा होती म्हणून. रिकामी असताना कळलं नाही. वर तांदूळ, नारळ, तवा, सगळं दाराशी.
किलोकिलो मोजलं मी. एकूण किती तेवढंच पाहिलं. कुठे ते नाही. इतकी वर्षं विमानतळावरच्या काट्याला घाबरून जगलेला माणूस दुसरं काय बघणार.

९ डिसें., मंगळ
फिलोला सांगितलं. सुरुवात चुकली. म्हटलं, "तू सामान मागे लावलंस ना, त्यामुळे."
"म्हणजे चूक माझी?"
"तसं नाही, पण वजन मागे..."
"वीस वीस किलो कोणी मोजून दिले? सुकेळीसाठी भांडलास. कुठे ठेव म्हणून एक शब्द बोललास का?"
नव्हतो बोललो.
"आणि टाकी? टाकी पण मी बसवली?"
शेरल आतून हसली. "मम्मी वन, डॅडी झिरो."
टाकी माझी, म्हटलं. एवढंच म्हटलं. पुरेसं असावं.

११ डिसें., गुरु
दोन संध्याकाळी टाकी हलवण्यात गेल्या. आता ॲक्सलच्या पुढे, बाकाखाली. पाइप नवे, नव्याने वळवले, जुनं भोक पॅच. सामान पुढे. जड ते खाली आणि ॲक्सलच्या नाकाकडच्या बाजूला. मागे फक्त उशा आणि पडद्यांची दांडी. लटकते काटे: ३४ + ३६.
झोपेत पण स्टिअरिंग धरतो म्हणे मी. फिलो सांगत होती, शेरलला, मला नाही.

१२ डिसें., शुक्र
चाचणी. तेच सामान, तेवढंच पाणी, तोच फ्लायओव्हर. विल्सनला मुद्दाम मागून यायला सांगितलं, साक्षीदार. उतारावर ८०. वारा होता, गेल्या शुक्रवारपेक्षा कमी, ते प्रामाणिकपणे लिहितो. शेजारून बस गेली, किंचित ढकललं, परत सरळ. पुन्हा गेलो, पुन्हा सरळ.
थांबल्यावर विल्सन काच खाली करून, "रेषेत चालला, भावोजी." मग राहवलं नाही त्याला. "चढावर मात्र मी मागे पेपर वाचून काढला."
वाचू दे.
घरी आलो, फिलोला तिच्या भावानेच सांगितलं, सरळ चालतो. ती म्हणाली, "असेल. तुझं गणित बरोबर असेल रे. माझं पोट नाही मानत." मंगळवारी सखीरला येणार, पण विल्सनच्या गाडीतून.
काटा पोटाला लावता येत नाही.

१६ डिसें., मंगळ
सखीर. एकटा पिकअपमध्ये, बाकी सगळे विल्सनकडे. निघताना शेरल दार उघडून माझ्या शेजारी बसली. "आय विल गो विथ डॅडी." फिलो फुटपाथवर उभी राहून बघत होती. मी शेरलला उतर म्हटलं. आई बसेल तेव्हा तू बस.
रस्ताभर रिकाम्या सीटकडे बघत होतो, आरशात बघायचं सोडून. ट्रेलर हलला नाही. मऊ वाळू टाळून बू अलीच्या तंबूंच्या कडेला घट्ट जागी लावला. पाचर, जॅक, लेव्हल. बुडबुडा मध्ये.
मग फिलोने गॅस पेटवला. दारात बसली पायरीवर, हातात कप. लाल-पांढरे झेंडे लावलेल्या गाड्या दूरून हॉर्न वाजवत जात होत्या. फुगे तळले, बू अलीच्या मुलांनी पातेलं खलास केलं. एकीने विचारलं, ह्यात साखर का नाही. फिलो हसली. किती दिवसांनी.
बू अली आत येऊन बसला, भिंतीवर टकटक केलं. "नो सन, नो कोल्ड. ज़ेन, अंतोन, वल्ला ज़ेन." छान, शपथेवर छान. बाहेर दुपारचं ऊन, आत एसीशिवाय बसलो होतो. पफ पॅनल.

१७ डिसें., बुध
फिलोला झोप लागली, गाढ. सकाळी म्हणाली, "उभा असला की चांगला आहे तुझा ट्रेलर." चेष्टा नव्हती ती. तिला असाच आवडलाय, उभा.
उद्या कामावर जायचं, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत परत. उत्तरेचा वारा सुरू झालाय, तंबूंचे दोर वाजताहेत. विल्सन सारखा मोबाइलवर वाऱ्याचा वेग बघतोय आणि मला मोठ्याने वाचून दाखवतोय. शेरल म्हणते थांबूया एक दिवस. मी नाक पुन्हा मोजलं, पाणी रिकामं, तांदूळ संपलेले, ६१. चालेल. पण वाऱ्यासाठी आणखी सहा-सात हवेत, म्हणून जॅक आणि हत्यारांची पेटी पुढे बाकाखाली घेतली. ६८. ६०च्या वर जायचं नाही आज, वाऱ्यात. कुणी दिवे मारोत.
फिलोला विचारलं, बसतेस का. "बघू," म्हणाली. विल्सनच्या गाडीत तिची पर्स अजून ठेवलेली नाही. माझ्याही नाही. पायरीवर आहे, तिच्या शेजारी.
मघाशी बू अली मला तंबूमागे घेऊन गेला. परत आलो तर फिलो म्हणाली, "काय म्हणत होता?" वाऱ्याचं, म्हटलं.
तो म्हणाला ते असं: ट्रेलर मला विक, इथेच राहू दे, चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवू, दर थंडीत आठवडाभर तुमचा, चावी मॅडमकडे. मी म्हटलं, नाही, हा चालण्यासाठी केलाय. त्याने दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा आकडा वाढवून. तेव्हाही नाही म्हटलं. सतराशे दिनार.