खालच्या थराचा नमस्कार

घाटकोपर,
२ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप लवूदादा,

आम्ही सगळे मजेत आहोत. सुगंधाचा खोकला गेला. बाबा आता उठून बसतात का? आणि तुझा खांदा? खरं ते कळव.

प्रजासत्ताक दिनाला आपल्या तरुण मंडळाने नाव काढलेल्या जुन्या मुलांचा सत्कार केला. डॉक्टर झालेला श्यामकांत, नाटकात गाजलेली क्षमा, आणि हुतूतूमुळे मी. हार, नारळ, फोटो, सगळं झकास झालं.

मग पोरांनी मनोरा रचला. आपली रीत तुला ठाऊकच आहे, वरचा उतरला की आधी खालच्या थरातल्याच्या पाया पडतो. त्या दिवशी उलटंच झालं. खालच्या थरातला पोरगा, खांदे लालबुंद झालेले, तसाच येऊन माझ्या पाया पडला. आणि मी खुर्चीत बसूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा.

भाषणात अध्यक्षांचं नाव घेतलं, मास्तरांचं घेतलं. घरी जेवताना सुगंधाने विचारलं, "मोठ्या भाऊजींचं नाव घेतलंत ना?" मी हातातला घास ताटात परत ठेवला. तुझं नाव घेतलंच नव्हतं. मनोऱ्यात कायम तू खाली, मी तुझ्या खांद्यावर. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही गावी तूच गेलास, मी खेळत राहिलो.

वर नेहमीचा साष्टांग नमस्कार लिहिलेला नाही. कागदावर लिहायला हात धजला नाही रे. शिमग्याला येतोय, तेव्हा अंगणातच घालीन. मला उठवू नकोस.

तुझा,
दशरथ