पहिल्या तासातलं रक्त

दि. १२ फेब्रुवारी

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. आईचे गुडघे दुखतात आणि ती ते कबूल करत नाही. दोन्ही गोष्टी पूर्वीसारख्याच चालू आहेत. बाबांनी व्यायामाच्या खोलीची खिडकी एकदाची दुरुस्त केली. आता ती उघडते, पण बंद होत नाही.

खरी बातमी पुढे आहे. काल स्पर्धेत मी ऐंशी किलो उचलले. हात ताठ, तिन्ही पंचांचे मान्यतेचे पांढरे दिवे, आणि मांडीने हूं की चूं केलं नाही. वर्षभरात एकदाही न हसलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई चक्क शिट्टी वाजवत होत्या. म्हणाल्या, "स्नायूचे नवे तंतूसुद्धा तुझ्यासारखेच हट्टी निघाले." दादा, मी पहिली आले. आईने पदक फ्रिजच्या दाराला अडकवलंय.

मंचावरून मी सवयीने बाजूला पाहिलं. शिकवणारा तू, पण तू तिथे नव्हतास. कसा असशील? गेल्या वर्षीच्या स्पर्धेत माझा स्नायू फाटला, तेव्हा बाबा चारचौघांत तुला म्हणाले, "पदकापायी बहिणीचा पाय घालवलास." तू सरावाची वही टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलास. मी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते. शुद्धीत होते, सगळं ऐकत होते.

त्याच तासात दवाखान्यात माझं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अहवाल घेऊन आले. "स्नायू फाटला की त्यातली प्रथिनं रक्तात झिरपतात," ते म्हणाले. "पण इतकी वाढायला दिवस-दोन दिवस लागतात. तुझी पहिल्या तासातच एवढी कशी? दुखणं आधीचं आहे ना?"

मी म्हटलं, "घरी सांगू नका." अहवाल बुटांच्या खोक्यात गेला.

स्पर्धेआधी तू दोन दिवस बाहेरगावी होतास. "मी येईपर्यंत ऐंशीला हात लावायचा नाही," असं बजावून गेला होतास. मी लावला. मांडीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तू परत येऊन विचारलंस, "कुठे दुखतंय का गं?" मी म्हटलं, "छे!" आणि गोळ्या घेऊन, मांडीला पट्टी बांधून मंचावर गेले. तुझी काहीच चूक नव्हती. वर्षभर मी तुला बोलणी खाऊ दिली, याची मला लाज वाटते.

काल पदक घेऊन घरी आले आणि ताटावर बसायच्या आधी तो अहवाल मोठ्याने वाचला. बाबा जागचे उठले. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि त्यांनीच तिथे टाकलेली तुझी वही काढली. तिला नवं कव्हर घातलंय, आम्ही ती सोबत पाठवतोय. माफी मागायला त्यांची जीभ वळत नाही, तुला माहीत आहे. माझी वळते, फक्त वर्ष लागलं. मला माफ कर.

पुढे ब्याऐंशी उचलायचे आहेत. वहीत तुझ्या अक्षरात तो आकडा येईपर्यंत मी वजनाला हात लावणार नाही.

दुखलं तर दुखलं म्हणणारी,
तुझी टिल्ली