फादर लिओनेलच्या निरोपाचा बँड

१२ जानेवारी
झालेल्या गोष्टी. फक्त तथ्यं.
१. फादर लिओनेल आमच्या गावच्या चर्चमध्ये होते, तेव्हा वेदीवर मदत करणाऱ्या मुलांचा वर्ग घेत.
२. त्यांनी आपल्यावर अत्याचार केल्याचं माझ्या मावसभावाने, प्रीतमने, तेराव्या वर्षी घरी सांगितलं.
३. फिलूमावशी फादर एवारिस्टकडे गेली. तेव्हा ते बिशपच्या खालोखालचे अधिकारी. म्हणाले, 'बाय, मी बघतो. बाहेर बोलू नको.'
४. लिओनेलची बदली खाडीपलीकडे झाली. तिथेही मुलांचा वर्ग होता.
५. पुढे एवारिस्ट स्वतः बिशप झाले. यंदा त्यांना पाद्री होऊन पन्नास वर्षं होतात. सोहळ्याची फिल्म मी करते आहे.
मी साउंड आणि एडिटिंग शिकले आहे. भावना हे माझं खातं नाही. पण प्रीतमची मुलाखत फिल्ममध्ये जाणार. आत राहूनच बदल होतो. निर्धार पक्का.

१५ जानेवारी
प्रीतम पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर सगळं बोलला. एका टेकमध्ये. मागे आगरदांड्याच्या फेरीबोटीचा भोंगा, बाकी आवाज स्वच्छ. शेवटी म्हणाला, 'ताई, पुन्हा माझ्याच्याने बोलवणार नाही. हे नीट ठेव.' ठेवणारच. माझ्या फाइल्स हरवत नाहीत.

२१ जानेवारी
बिशपना फिल्मचा रफ कट, म्हणजे कच्चा खर्डा, दाखवला. प्रीतम पडद्यावर येताच त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. लाघवी माणूस. म्हणाले, 'आवाज किती स्पष्ट आलाय गो!' तांत्रिक बाजू कळणारे कमी असतात. मुलाखत लांबली, असंही म्हणाले. एडिटर म्हणून सहमत. एकच वाक्य ठेवते. एकच वाक्य जास्त भिडतं.

२४ जानेवारी
वाक्य काढलं. आता प्रीतम नुसता जेटीवर उभा दिसतो. समजणाऱ्याला समजेल.

२८ जानेवारी
प्रीतम फ्रेमबाहेर गेला. सावली आहे. सावलीही बोलते.
बिशप हाऊसमधून फोन. न वापरलेलं शूटिंग ठेवू नये, मुलाच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे. मुद्दा बरोबर. कार्ड, लॅपटॉप, बॅकअप, सगळीकडून डिलीट केलं. प्रीतमसाठी एवढं तरी करायलाच हवं होतं.

३ फेब्रुवारी
बिशपना फिल्ममध्ये लिओनेलचा निरोपही हवा आहे. 'म्हातारा आजारी आहे गो, बरं वाटेल त्याला.'
आमच्याकडे पाद्री बदलून निघाला की अख्खं गाव बँड वाजवत त्याला जेटीपर्यंत सोडतं. लिओनेलच्या वेळचा एकच फोटो मिळाला: फेरीबोटीवर, पाठमोरे, हातात सूटकेस. आवाज काहीच नाही. त्यांच्यानंतरच्या फादरच्या निरोपाचं रेकॉर्डिंग होतं, त्यातला बँड फोटोखाली टाकला. तंतोतंत बसला.
मावशी डबा घेऊन आली होती. पाठीमागून म्हणाली, 'याला कुठला गो बँड? पहाटे नेला त्याला गुपचूप. जेटीवर कुत्रा न्हाय आला.' म्हटलं, मावशी, हे टेक्निकल आहे.
म्हणाली, 'व्हय. तुझं समदंच टेक्निकल.'

९ फेब्रुवारी, रविवार
सोहळा पार पडला. टाळ्या चांगल्या. बिशपनी डोळे पुसले. लिओनेलच्या फोटोवर बँड सुरू झाला आणि प्रीतम उठून बाहेर गेला. हॉलमध्ये उकडत होतं खरं.
मावशीने कोपरापाशी धरलं. 'यातला ट्रम्पेट कोण वाजवतोय, ठाव हाय?'
प्रीतम. लिओनेल गेल्यावर तो बँडमध्ये गेला होता. मला आठवलं नाही. ट्रम्पेटची लेव्हल मात्र उत्तम आली होती.

१० फेब्रुवारी
प्रीतमचा मेसेज. नोंद पूर्ण असावी म्हणून उतरवून ठेवते.
'ताई, मी पोलिसांत तक्रार देतोय. खाडीपलीकडचे दोघं पण येतायत. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणं मला जमेल असं वाटत नाही. ती मुलाखत तुझ्याकडे पूर्ण आहे ना? वकिलांना हवी आहे. शनिवारपर्यंत, १५ तारखेपर्यंत, कळव.'