मागच्या सीटचं कव्हर

देऊळघाट,
ता. ८ जुलै

ती. फहीमभाई यांस,
हीनाचा सलाम वि. वि.

कंपनीच्या कामावर चेन्नईला सुखरूप पोचलात, हे कळलं. पत्र पाहून हसू नका. फोन आला की अब्बा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला लावतात. मला जे सांगायचं आहे ते त्यांना चोरून सांगायचं आहे.

बकरी ईदला तुम्ही गाडी आमच्या अंगणात ठेवून गेलात, तेव्हापासून ती घरची नवरी झाली आहे. शेजारची कोंबडी बॉनेटवर चढली, म्हणून अम्मीने शेजारणीशी अबोला धरलाय.

आता खरी बातमी. मागच्या सीटवर तुमच्या सुटकेसचा ओरखडा होता ना, तो अब्बांना दिसला. हाताला कंप सुटल्यापासून त्यांनी सीटकव्हरचं दुकान उघडलं नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे, मला फार भीती वाटायची. परवा उठले, शटर वर केलं, मशीनला तेल घातलं. जन्मभर ट्रक-टेम्पोच्या सीटा शिवल्या, आता पुतण्याच्या गाडीची शिवतो म्हणतात. जुनं कातडं उसवून मरून रंगाचं रेक्झिन चढवणं चालू आहे. सीटच्या बारीक छिद्रांतून पाठीला गार वारा यायचा, तो बहुधा आता येणार नाही. पण अब्बा काम करताना गुणगुणतात हो! फहीमले सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं आहे.

उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा. रागावलात तरी लोभ तेवढाच राहू द्या.

तुमची बहीण,
हीना


चेन्नई,
ता. १५ जुलै

चि. हीना हिस अनेक दुआ.

पत्र मिळालं. हीना, ती गाडी माझी नाही. कंपनीमार्फत लीजवर घेतलेली आहे, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याची. ऑगस्टअखेर ती परत करायची आहे, आणि मिळाली होती तशीच, सीटसकट.

पहिल्यांदा घेऊन आलो तेव्हा चाचांनी बॉनेटवरून हात फिरवून डोळे पुसले आणि मोहल्लाभर पेढे वाटले. माझ्या मरहूम भावाच्या पोराने गाडी घेतली, असं भेटेल त्याला सांगत सुटले. तेव्हा माझी जीभ उचलली नाही, आणि पुढे दर ईदला ते जास्तच अवघड होत गेलं. त्या गाडीत मी कायम पाहुण्यासारखा बसलो. कधी चहा प्यायलो नाही, चिखलाच्या चपला हातात घेऊन आत शिरलो. गतिरोधकावर खालून घासली की उतरून, वाकून बघायचो.

जुनं कातडं कुठे आहे ते आधी बघ. पण चाचांना कोणत्या तोंडाने सांगू? थांबवलं तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील. नाही थांबवलं तर त्यांचं काम कुणीतरी परका फाडून काढेल. मला काही सुचत नाही, तूच तोड काढ.

या खोटारड्या भावावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
फहीम


देऊळघाट,
ता. २४ जुलै

अब्बा सांगत आहेत, मी लिहिते आहे. शब्द बदलायचा नाही अशी तंबी आहे. – हीना

चि. फहीमले जब्बारचाचाची दुआ.

हीनानं तुहं पत्र दाखवलं नाई. पण पोरगी जेवेना, मंग मीच खोदून विचारलं, तं रडत रडत सांगतलं.

जुनं कातडं फेकलं नव्हतं. गाडीवाल्यानं नवं काम पाह्यल्याबिगर जुनं कव्हर फेकाचं नाई, हा आपल्या दुकानाचा रिवाज हाय. काल म्या नवं सारं उसवलं आन जुनं चढवलं, जुन्याच भोकातून सुई घालून. हात कापत होता, पण झालं. गार वाराबी येते. गाडी देऊन टाक, घोर करू नको. मरून कव्हर दुकानात खुंटीले टांगलं हाय. शटर अजून वरच हाय.

गाडीचं मले वाईट नाई वाटलं. तू पाचवीत होता, तवा तासाच्या भाड्यानं सायकल आणली आन मले म्हणला का दोस्तानं कायमची देली. त्या सायकलवाल्याले मी वळखत होतो बेटा. तरी तिच्या सीटले मखमलीचं कव्हर शिवून देलं, काऊन का तुले ती आपली वाटत होती. फक्त त्याले नाडी लावली, संध्याकाळी सायकल परत देताना सोडून घेता यावं म्हणून.

या गाडीचंबी आधी सांगतलं असतं, तं नाडीचंच शिवलं असतं.

माया होती तेवढीच हाय. तूबी ठेव.

तुहा चाचा,
जब्बार