मुकादमाची कंदुरी पुढे ढकलण्याबाबत

रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मुकादमाच्या डाव्या शिंगाला रंग भरत होतो, तेवढ्यात मोहिनीचा फोन आला.

तीर्थस्वरूप साखराआत्यास,

परमेश्वरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शेळ्यांमागे माळावर जाताना काठी घेतेस ना? इकडे आई-आप्पा ठीक. मीही ठीक, पण फार ठीक नाही, आणि तेच सांगायला हे पत्र. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं हूं हूं करतो. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो तुझ्या लेकीला पाठवतो, ती वाचून दाखवेल. (मोहिनी, कंसातलं मनातल्या मनात वाच.)

माझं पुस्तक छापून झाल्याचं तुझ्या कानावर गेलं आणि तू येत्या रविवारी नवसाचा बोकड कापून कंदुरीचं जेवण धरलंस, असं मोहिनी म्हणाली. दहावीचं गणित माझं तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा तू म्हसोबाला बोलली होतीस, "पोरगं धंद्याला लागू दे, मुकादम तुलाच कापीन." नवसाला माझी ना नाही. पण आत्या, अट पुरी झालेली नाही. मी अजून धंद्याला लागलेलो नाही. कसा लागलेलो नाही, ते सविस्तर लिहितो.

तुझा बोकड दिवसभर बाभळीच्या सावलीत उभा राहून बाकीच्या शेळ्यांवर नजर ठेवतो, म्हणून तूच त्याला मुकादम म्हणायला लागलीस. मी त्याची चित्रकथा काढून दर शुक्रवारी मोबाइलवर टाकतो. त्यात तो ऊसतोडीच्या टोळीवर हुकूम सोडतो आणि स्वतः एक कांडंही तोडत नाही. लोक हे फुकट बघतात. फुकट बघण्याला कुणी धंदा म्हणत नाही. (एकवीस हजार लोक बघतात. आत्याला आकडा सांगू नकोस.) मग मी लिहिलं, की ज्यांना पुस्तक हवं त्यांनी अडीचशे रुपये आधी पाठवावेत, पुरेसे जमले तर छापीन. दोनशे चौदा जणांनी पाठवले. बाकीच्या जगाने पाठवले नाहीत, हे लक्षात घे. (नऊ दिवसांत जमले.)

छपाई बीडच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडे दिली, कारण तो स्वस्त होता. त्याने सवयीने पहिल्या पानावर गणपती टाकला. त्याला माझी हरकत नव्हती. पण शेवटच्या पानावर मुकादमाच्या चित्राखाली छापलं, "आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं!" मी विचारलं तर म्हणतो, "भाऊ, ही वळ आमी फुकटच टाकतो. आजवर कुनाची तक्रार न्हाई." मग बसून अडीचशे प्रतींत त्या ओळीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. (वाचकांनी त्या सोलून काढल्या आणि मुकादमाचं लग्न कधी म्हणून विचारतात.)

त्याआधी, छपाईच्या वेळीच, आमच्या गावचे पुढारी मोहनराव. त्यांनी वर्गणी समजून हजार रुपये दिले आणि सोबत हात जोडलेला फोटो. मी तो मागच्या कव्हरवर, मुकादमाशेजारी खाली कोपऱ्यात लावला. नमुना बघून म्हणाले, "बोकड येवढा दांडगा आन् मी टिकलीयेवढा, कावून बे?" दोघांना सारखं केलं. तरी म्हणाले, "ह्यो माझ्याकडं आसा का बघायलाय?" मी सांगितलं, तो सगळ्यांकडे तसाच बघतो. उरलेल्या छत्तीस प्रती ते फुकट घेऊन गेले आणि आता सत्काराला नारळाऐवजी पुस्तक देतात. (त्यामुळे आणखी साठ जणांनी मागितलंय. हे तर मुळीच वाचू नकोस.)

याला धंदा म्हणत नाहीत आत्या, ताप म्हणतात. गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
परमेश्वर

ता. क. : सोलापूरच्या स्वप्नालीताई म्हणून एक शिक्षिका आहेत. त्यांनी पुस्तक घेतलं आणि रोज विचारतात, मुकादम जेवला का. तो खरा आहे हे माझ्या तोंडून निघून गेलं, तर त्या येत्या रविवारीच शाळेची पोरं घेऊन त्याला बघायला येणार आहेत. तुझ्या दारात जेवण चालू दिसलं तर तू त्यांना पंगतीला बसवल्याशिवाय राहणार नाहीस. आणि जेवता जेवता त्या विचारतील, मुकादम कुठंय.

ता. क. दुसरा : मोहिनी, हे मोठ्याने वाच. आत्या, मला त्याला कापलेलं बघवणार नाही. हे कंसात लिहिणार होतो, पण तुझ्याशी लपवाछपवी जमत नाही. मुकादम मला उधारीवर वीक. म्हणजे म्हसोबालाही राग यायचं कारण राहणार नाही. हिशेब असा :

आलेले : वाचकांचे ५३,५०० आणि मोहनरावांचे १,०००, एकूण ५४,५००.
गेलेले : छपाई ४१,०००, चिठ्ठ्या ६५०, टपाल ९,६३०, पाकिटं आणि डिंक १,४८०, एसटी व चहा ९००, एकूण ५३,६६०.
शिल्लक : ८४०. (म्हणजे नफा! इथेच मला घाम फुटला.)
मुकादमाची किंमत, बाजारभावाने : १४,०००.
तुला देणं : १३,१६०.

तेव्हा मी चक्क बुडालेला आहे, आणि बुडालेल्या माणसाला धंद्याला लागला असं म्हसोबाही म्हणणार नाही. देणं मी फेडीन, आत्या. अगदी सावकाश फेडीन.